स्टोव्ह फुटला म्हणजे नक्की काय फुटले?

३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत ब्लू जेट हेल्थकेअर या कंपनीत स्फोट होऊन आग लागली. अकरा कामगार मेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला मृतदेह शोधावे लागले. नंतर जे झाले ते अपुरेच होते, पण एक गोष्ट तिथे सर्वांनी धरून चालली होती: स्फोट झाला तर तो कशाचा झाला, हे कुणीतरी विचारायचे असते. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८९ साली धोकादायक रसायनांचे नियम झाले. कारखान्यात काय साठवले आहे, अपघात झाला तर आसपासच्या वस्तीने काय करायचे, हे लोकांना सांगण्याचे बंधन त्यात आहे. ते किती पाळले जाते हा वेगळा विषय.

त्याच महाड-पोलादपूरच्या घराघरांत रॉकेलचा कॅन, गॅसची टाकी, संडास धुण्याचे ॲसिड, ब्लिचिंग पावडर आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या एकाच मोरीत नाहीतर एकाच फळीवर असतात. इथे कुणी निरीक्षक येत नाही. आणि इथे बाई जळाली तर 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढ्या तीन शब्दांत प्रकरण मिटते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आलेल्या अभ्यासाने २००१ या एका वर्षातले भारतातले जळून झालेले मृत्यू मोजले. अंदाज १ लाख ६३ हजारांवर गेला. त्यातल्या १ लाख ६ हजार बायका होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सुमारे सहापट होता. स्वयंपाक बायकाच करतात म्हणून त्याच जास्त जळणार, असे कुणी म्हणेल. पण चुलीपुढे आयुष्य काढलेल्या सासूपेक्षा नव्या सुनेलाच स्टोव्ह इतका का ओळखतो?

खरे अपघातही होतात. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, तुंबलेल्या बर्नरला पिन मारताना जास्त पंप मारणे, रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ, अंगावर नायलॉनची साडी. यातून बायका मेल्या आहेत आणि त्या प्रत्येक मृत्यूला खून म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणूनच पंचनामा नीट हवा. फुटलेल्या स्टोव्हची टाकी फाटलेली असते. टाकी शाबूत, आत तेल तसेच, भांडी जागच्या जागी, आणि बाई मात्र डोक्यापासून भिजून जळालेली, तर फुटले काय? अंगावरचे कपडे, केस, जमिनीवरची माती, स्टोव्ह हे सारे रासायनिक विश्लेषकाकडे जायला हवे. सासरच्यांनी घर सारवून घेतल्यावर त्यातले काही उरत नाही. म्हणून कार्यकर्तीने पहिल्याच दिवशी तिथे पोचावे.

रेशनचे रॉकेल कमी होत गेले, २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून बाईच्या नावावर गॅस आला. धोका गेला नाही, बदलला. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, खिडकी वर असेल तर बाहेर जात नाही. वास आला की दिव्याचे बटण चालूही करायचे नाही, बंदही करायचे नाही. आधी रेग्युलेटर बंद, मग दारे उघडायची, बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. यापुढे पोलिसांच्या कागदावर 'गॅसचा भडका' असे शब्द येतील. तेव्हाही नळी, रेग्युलेटर, टाकी पाहिली का, हे विचारावेच लागेल.

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. असा पूर ओसरला की गाळ काढायचे काम कुणाच्या वाट्याला येते हे आपल्याला माहीत आहे. ब्लिचिंग पावडर, म्हणजे विहिरीत टाकतात ती टीसीएल, आणि संडासचे ॲसिड 'दोन्ही मिळून जास्त स्वच्छ होईल' म्हणून एकत्र ओतले तर क्लोरिन वायू निघतो. बंद मोरीत तो फुप्फुसे जाळतो. ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बंधने घातली: नोंदवही, ओळखपत्र, अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. आपापल्या बाजारात ही वही आहे का, हे गटांनी पाहून यायला हरकत नाही.

महाडला एक आग आपण अभिमानाने आठवतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी इथे मनुस्मृती जाळली गेली, आणि अनेक संघटना तो दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. यंदा त्या सभांमध्ये भाषणांबरोबर पुढच्या गोष्टीही बोलल्या जाव्यात.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना बाईने जीव दिला किंवा ती संशयास्पद रीतीने मेली, तर दंडाधिकाऱ्याने चौकशी केलीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून हुंडाबळीचे जुने ३०४ ब हे कलम भारतीय न्याय संहितेत ८० झाले आहे आणि ४९८ अ चे ८५. कायदा तोच, पण ठाण्यात नवा आकडा सांगावा लागतो.

सर्वांत नाजूक गोष्ट जबानीची. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाड, तिथून मोठ्या इस्पितळासाठी मुंबईकडे, हा सगळा प्रवास बहुधा सासरच्यांच्याच सोबतीने होतो. 'मुलांचे काय होईल' हे तिच्या कानात वाटेतच सांगितले जाते. मृत्यूपूर्व जबानी खरी वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या आधीच, खुशाल राव खटल्यात, स्पष्ट केले आहे. २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात घटनापीठाने असेही म्हटले की ती शुद्धीवर होती याची खात्री इतर पुराव्याने पटत असेल, तर केवळ डॉक्टरांचा दाखला नाही म्हणून जबानी फेकून देता येत नाही. तेव्हा महाडच्या इस्पितळातच, पुढे हलवण्याआधी, दंडाधिकाऱ्याला बोलावण्याचा आग्रह धरावा. जबानी घेताना नवरा, सासू, दीर खोलीबाहेर हवेत, आणि माहेरचेही.