वळिवडे: पाहुणचाराच्या कथेत न मावलेले दुःख

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीची कथा समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबते: कोल्हापूरने आसरा दिला, निर्वासित सुखी झाले. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे म्हणजे यजमानाने इतिहासाच्या नावाखाली करून घेतलेली स्वतःची स्तुती.

१९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले. बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत सत्तेने त्यांना १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले होते. एप्रिल १९४० च्या हद्दपारीत तर अटकेतील अधिकाऱ्यांच्या कुटुंबांचा भरणा होता. त्याच वसंतात कात्यिन येथे व अन्यत्र सुमारे २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सोव्हिएत संघाने ते मान्य केले १९९० मध्ये. आपण सधवा की विधवा, हेच जिला ठाऊक नाही, तिने शोक कोणत्या दिवशी सुरू करावा?

छावणीत शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, बालवीरांची पथके होती. ‘ते इथे रमले’ याचा पुरावा म्हणून हेच पुढे केले जाते. वस्तुतः ती साक्ष उलटी आहे. मुलांना पोलिश भाषा आणि पोलंडचा भूगोल शिकवला जात होता तो परतण्यासाठी.

१६८८ मध्ये बाझेलच्या योहानेस होफरने घराच्या ओढीला ‘नोस्टाल्जिया’ हे वैद्यकीय नाव दिले. खात्रीचा उपाय त्याने एकच सांगितला: स्वदेशी परतणे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तोच उपाय हिरावला गेला. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात पडले. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. गावे जागच्या जागी राहिली, देश मात्र सरकला. छावणी उठली तेव्हा अनेक जण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा परमुलखांत पांगले. या पांगण्याला ‘सुखान्त’ म्हणणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

पुढे त्याच जागेत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे वसली. आजचे गांधीनगर ते हेच. त्याची ओळख कापडाच्या घाऊक बाजारपेठेवरून सांगितली जाते. सिंधमध्ये काय सुटले, हे तिथल्या दुकानदाराला गिऱ्हाईक क्वचितच विचारते.