कुणाला कळता कामा नये

हॉररचं नाव काढलं की आपल्या हॉस्टेलवर दोनच प्रश्न येतात. ग्राफिक्स कसले आहेत? आणि कितीदा दचकलीस? त्यामुळे 'द लास्ट डोअर' हा गेम कुणाला दाखवायला गेलं की पहिल्याच मिनिटाला हशा पिकतो. चौकोनी ठिपक्यांची माणसं, चेहऱ्यावर ना धड डोळे ना तोंड! "हे जुन्या नोकियावरचं आहे का गं?" असं एकीने विचारलंच. दहा मिनिटांनी तीच माझी चादर ओढून बसली होती.

हा गेम स्पेनमधल्या सेव्हिलच्या 'द गेम किचन' या छोट्या मंडळींचा. किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणी काढून (गणपतीसारखीच की!) त्यांनी २०१३ मध्ये पहिला भाग आणला. एकेक भाग साधारण तासाभराचा, म्हणजे सबमिशनच्या आठवड्यातही परवडतो. काळ १८९१ चा, देश इंग्लंड. जेरेमाया डेव्हिटला शाळेतल्या जुन्या मित्राचं, अँथनी बीचवर्थचं पत्र येतं. आत लॅटिनमधलं एक वाक्य. अर्थ असा की, बघा, कुणाला कळता कामा नये. आमच्या कॉन्व्हेंटच्या बॅजवरही लॅटिन होतं, पण ते आपलं सेवा, श्रम वगैरे! डेव्हिट तातडीने मित्राच्या वाड्यावर पोचतो, तर वाडा सुना आणि मित्र गेलेला.

आणि कावळे. गेमभर कावळे आहेत. बनवणाऱ्यांच्या डोक्यात एडगर ॲलन पो आणि लव्हक्राफ्ट असणार हे उघड आहे, पण आपल्याला ते वेगळेच लागतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून ताटकळत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. गेलेल्याचं काहीतरी राहून गेलंय, ही भीती आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

खरी गोष्ट मात्र आहे त्या बोर्डिंग स्कूलची. चार हुशार पोरं, रात्रीच्या चर्चा, एक गुप्त मंडळ. माणसाला जे दिसत नाही ते आपण पाहायचंच, ही ईर्षा. पुढे त्यांनी काय केलं ते मी सांगणार नाही, मजा जाईल. पण माझं स्पष्ट मत आहे की या गेममधली भीती त्या पलीकडच्या जगात नाहीये, ती त्या शपथेत आहे. महत्त्वाकांक्षा कुणाला नसते? इथे बसलेल्या प्रत्येकाला आहे, म्हणून तर आपण इथे आहोत. ती पोरं खलास झाली ती एकमेकांची तोंडं बंद केल्यामुळे. डेव्हिटला तर आपण काय केलं हेसुद्धा नीट आठवत नाही, आणि तेच मला सगळ्यात भयानक वाटलं.

हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. 'विंगची गोष्ट विंगमध्ये' हे वाक्य प्रत्येक फर्स्ट इयरला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ पासून आहे, नोटीस बोर्डावर त्याचा कागदही असतो, पण त्या वाक्यापुढे कायदा काय करणार? एखादी मुलगी मेसला यायची बंद होते, आणि सगळ्यांना माहीत असूनही कुणालाच माहीत नसतं.

असे गेम हॉस्टेलच्या लॅनवर नकोत असं काही सरांचं म्हणणं असतं. सर, मला पटत नाही. पण त्यांचा एक मुद्दा मी मान्य करते. गेमच्या सुरुवातीलाच आत्महत्येचा प्रसंग आहे आणि तो आपल्याच क्लिकने घडतो. परिणाम जबरदस्त, पण आधीच खचलेल्या कुणाच्या हाती हा गेम असाच देणं मला चुकीचं वाटतं. पुढे काय आहे ते अगोदर सांगा, नाहीतर तो भाग सोडून पुढचा खेळायला द्या. बंदी घातलीत तर तोच गेम पेनड्राइव्हवरून फिरेल, आणि मग सांगायला कुणीच नसेल.

उणिवाही आहेत. कोडी साधीच, किल्ली शोधा आणि दार उघडा छापाची. दुसऱ्या सीझनमध्ये तर इतकं समजावून सांगितलंय की भीती पातळ होते. याच मंडळींनी २०१९ मध्ये 'ब्लास्फेमस' काढला. त्यात तुम्ही मेलात की तुमच्या अपराधाचा एक तुकडा तिथेच पडून राहतो, आणि परत जाऊन तो उचलेपर्यंत तुमची शक्ती कमीच राहते. कल्पना झकास आहे, पण मारामारी इतकी की माझी बोटं दुखली.

'द लास्ट डोअर'ची कलेक्टर्स एडिशन स्टीमवर मिळते, पीसी कितीही जुना असो, चालावी. इअरफोन मात्र हवेतच, कार्लोस विओलाचं संगीत मोबाइलच्या स्पीकरवर वाया जातं. आणि शक्यतो रूममेटला शेजारी बसवून खेळा.