जुन्या लॅपटॉपचे निदान

गुंद हे आमचे गाव जोयडा तालुक्यातील रानात वसलेले. पावसाळ्यात येथे कपाटातील बुटांना आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते. अशा हवेत एखाद्या विजेच्या यंत्राने वीस वर्षे तग धरावी, ही अपेक्षाच मुळी धाडसाची. तरीही माझ्या दवाखान्यातील २००४ सालचा लॅपटॉप कपाटाच्या खालच्या खणात तसाच पडून होता. २०१२ पर्यंतच्या रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. नंतर नवे यंत्र आले. जुन्यातील नोंदी नव्यात उतरवून घ्यायच्या, हे काम मी 'सवडीने करू' म्हणून मागे टाकले. ती सवड कधी आली नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी जवळच्या वाडीतील एक वृद्ध बाई मुलासोबत आल्या. लघवीला जळजळ होत होती, ताप नव्हता. औषध लिहू लागलो तेव्हा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, २००९ साली एका गोळीनं आईच्या अंगावर चट्टे उठले होते, तोंडात फोड आले होते. गोळीचं नाव तुम्हीच कॉम्प्युटरवर लिहून घेतलं होतं." कागद त्यांच्याकडे नव्हता. नाव त्यांना आठवत नव्हते आणि मलाही आठवेना. बाईंना भरपूर पाणी पिण्यास सांगितले, औषध सकाळी देतो म्हटले आणि रात्री तो लॅपटॉप बाहेर काढला. बटण दाबले. हिरवा दिवा लागला, पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. पडदा काळाच राहिला.

येथे मी जी चूक केली ती आपल्यापैकी अनेक जण करतात. मी तेच बटण दहा वेळा दाबले. एखादा बेशुद्ध रुग्ण आला असता, तर त्याचे खांदे दहा वेळा हलवत मी बसलो असतो काय? नाडी, श्वास, रक्तदाब, साखर या क्रमाने आपण पाहतो. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण वैद्यकाची शिस्त दाराबाहेर ठेवतो, आणि थोड्या वेळाने 'हे गेले' असा निकाल देऊन टाकतो. या निकालाची घाई सोडावी, एवढेच मला या लेखातून सांगायचे आहे.

शिस्त सोपी आहे. प्रथम पुरवठा पाहावा. अ‍ॅडाप्टरवर छापलेला व्होल्टेज आणि मल्टिमीटरवर दिसणारा व्होल्टेज जवळपास जुळतो की नाही, हे दोन मिनिटांत कळते. नंतर बॅटरी आणि अ‍ॅडाप्टर दोन्ही काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो. मग बॅटरीविना केवळ अ‍ॅडाप्टरवर यंत्र सुरू करून पाहावे. निकामी बॅटरीच अनेकदा सगळ्यांना अडवून बसलेली असते.

पडदा काळा असेल तर अंधारात त्यावर तिरका टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसले तर मेंदू शाबूत आहे, केवळ मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारी पट्टी गेली आहे. बाहेरचा मॉनिटर जोडला तरी हाच खुलासा होतो. तेथेही काही दिसले नाही, तर मेमरीच्या पट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलकेच पुसून, एकेक पट्टी परत बसवून पाहावी. आमच्या दमट हवेत दोष पुष्कळदा इथेच सापडतो. दवाखान्यातील स्पिरिट मात्र वापरू नये. काही प्रकारच्या स्पिरिटमध्ये एरंडेलासारखे तेलकट घटक असतात आणि ते मागे थर ठेवतात. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. आणि सर्वांत महत्त्वाचे, एका वेळी एकच बदल करावा. तीन औषधे एकदम दिली तर गुण कशाने आला, हे जसे कळत नाही, तसेच येथेही.

माझ्या यंत्राला दुसरी पट्टी बदलताच जीव आला. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते, कारण आतील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला होता. ते किरकोळ दुखणे. मी आधी सर्व नोंदी पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मगच बाईंचे नाव शोधले. औषध को-ट्रायमोक्साझोल होते. सकाळी निर्धास्तपणे दुसरे औषध दिले. खरे पाहता मी यंत्र सुरू करण्याआधी हार्डडिस्क काढायला हवी होती आणि ती जोडणीच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकावर वाचायला हवी होती. तशी जोडणी त्या रात्री माझ्याजवळ नव्हती. डिस्कमधून टकटक असा आवाज आला असता, तर मी तत्क्षणी थांबलो असतो. त्या अवस्थेत प्रत्येक नवा प्रयत्न उरलेसुरलेही पुसून टाकू शकतो.

काहींचा आक्षेप असेल की, इतका खटाटोप कशासाठी, नवा लॅपटॉप घ्यावा. आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. काही दुखणी यंत्राच्या जन्माबरोबरच येतात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील आपल्या काही ग्राफिक चिपांच्या जोडकामातील दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. असा बोर्ड तापवून काही काळ चालू करणारे कारागीर भेटतात. तो उपचार म्हणजे मूळ रोग न पाहता स्टेरॉइड देण्यासारखा. चार दिवस बरे वाटते आणि दुखणे परतते. अशा यंत्रावर पैसा घालू नये, हे मान्य. परंतु निदानाअंती 'असाध्य' म्हणणे वेगळे आणि निदानाविना म्हणणे वेगळे.

शिवाय प्रश्न यंत्राचा नाही, त्यातील माणसांचा आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे. त्या बाईंची नोंद त्या मर्यादेत कोठेच बसत नव्हती. कायद्याची मुदत संपते, अ‍ॅलर्जीची संपत नाही. आणि त्याच नोंदींसह यंत्र भंगारात देणे, हे तर अधिकच गंभीर. नुसते फॉरमॅट केल्याने माहिती नाहीशी होत नाही, ती पुन्हा काढता येते. आपल्यावर विश्वासून सांगितलेले रुग्णांचे गुपित आपण किलोच्या भावाने विकू नये. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. तेव्हा डिस्क काढून घेऊन, उरलेले यंत्र नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावे.

दुरुस्तीचा हक्क हा शब्दप्रयोगही आता आपल्याकडे रूढ होतो आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. हक्क मिळाला तरी तो वापरण्याची सवय आपणच लावून घ्यावी लागेल.

म्हणून आपल्या संस्थेला एक नम्र सूचना. वर्षातून एक रविवार पावसाळ्याआधी राखून ठेवावा. ज्यांच्या दवाखान्यात जुने यंत्र पडून आहे, त्यांनी ते घेऊन यावे. एक मल्टिमीटर, जुन्या डिस्कसाठी एक जोडणी, एक जाणकार कारागीर आणि दोन तरुण डॉक्टर एवढे साहित्य पुरे. नोंदींच्या दोन प्रती काढाव्यात, एक दवाखान्यात आणि एक अन्यत्र. खर्च एका सत्कार समारंभाच्या हारतुऱ्यांपेक्षा जास्त येणार नाही.

मी ती सवड काढली असती, तर त्या रात्री मला घाम फुटला नसता. बाईंचा मुलगा मला दोष न देता आभार मानून गेला. दोष माझा होता, हे मात्र येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.