बडी हे, छोटी हे



मुलांना घरी कुरआन शिकवणाऱ्या पालकांकडून या सदराकडे एक प्रश्न वारंवार येतो: सूरा देवनागरीत किंवा इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ करून घेतली तर चालेल का? पहिले चार दिवस चालेल, पण तिथे थांबू नका. अरबीत 'काफ' नावाची दोन अक्षरे आहेत, आणि ती मला या पानावर वेगळी लिहूनही दाखवता येत नाहीत. एवढ्यावरून अडचण लक्षात यावी.

पडजिभेजवळून, जिभेच्या अगदी मुळातून निघणाऱ्या मोठ्या काफने म्हटले तर 'कुल' म्हणजे 'सांग'. सूरा इख्लासचा हाच पहिला शब्द. तोच शब्द आपल्या नेहमीच्या 'क'ने म्हटला की अर्थ होतो 'खा'. 'अलीम' घशातल्या ऐनने म्हटले तर सर्व जाणणारा, आणि साध्या 'अ'ने म्हटले तर वेदनादायक. 'तीन' म्हणजे अंजीर. त्यातला 'त' जड झाला की चिखल. सर्वांत कठीण चौकडी झाल, झे, झ्वाद आणि झोय यांची. आपण चौघांनाही एकाच 'झ'च्या दावणीला बांधतो. पण 'झल्ल' हा शब्द या चार अक्षरांनी म्हटला, तर क्रमाने तो हीन झाला, तो घसरला, तो वाट चुकला आणि तो तसाच राहिला, असे चार अर्थ होतात.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. 'हे जग' मधला 'ज' आणि 'तू जग' मधला 'ज' आपण लिहितो सारखा, म्हणतो वेगळा. 'काल' आणि 'काळ' यांत इथे वाढलेली आपली मुले गोंधळली की आपणच कपाळाला हात लावतो. आमच्या रसायनशास्त्रातही असा प्रकार आहे. कार्व्होन नावाच्या रेणूची दोन रूपे आरशातल्या प्रतिमांसारखी असतात. अणू तेच, संख्या तीच, पण एकाला पुदिन्याचा वास आणि दुसऱ्याला शहाजिऱ्याचा.

अक्षर तोंडात जिथून निघते त्या जागेला मखरज म्हणतात. इब्न अल-जझरी (मृत्यू १४२९) यांनी अशा १७ जागा सांगितल्या आहेत. त्याच्याही बरेच आधी, आठव्या शतकात, बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी अरबी शब्दकोश रचला तो घशातल्या ऐनपासून ओठांकडे येत. शाळेत 'क'पासून 'म'पर्यंत कंठ्य ते ओष्ठ्य अशी वर्णमाला घोकलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

आता हे सगळे आपल्या घरात का आणायचे? कारण आहे फातिहा. सात आयती, आणि पाच नमाजांच्या फर्ज रकाती १७, म्हणजे दिवसाला निदान १७ वेळा. आपण कोकणी मंडळी बहुतेक शाफई, त्यामुळे इमामाच्या मागे उभे असतानाही फातिहा आपली आपल्यालाच म्हणावी लागते. अरबीतल्या २८ पैकी २१ अक्षरे तिच्यात येतात. जी सात येत नाहीत, त्यांत झे आणि झोय ही दोन्ही आहेत. म्हणजे फातिहा म्हणताना साधा 'झ' निघाला, तर तो कुठल्यातरी दुसऱ्याच अक्षराच्या जागी निघालेला असतो. झ्वाद मात्र दोनदा आहे, दोन्ही वेळा शेवटच्या आयतीत. त्याचा उच्चार 'द'कडे झुकवावा की 'झ'कडे, यावरून हिंदुस्थानात पुष्कळ वाद झाले, फतवे निघाले. इमाम नववी (मृत्यू १२७७) यांच्या 'मिन्हाज'प्रमाणे झ्वादच्या जागी झोय म्हटल्यास, अधिक ग्राह्य मतानुसार, ते पठण धरले जात नाही. मात्र प्रयत्न करूनही ज्याची जीभ वळत नाही त्याला सवलत आहे. हे दुसरे वाक्य आपण सहसा विसरतो.

गेल्या रमजानात एका घरी इफ्तारला होतो. सहा महिन्यांसाठी रत्नागिरीहून आलेल्या दादी पदर सावरून मोठ्याने सूरा म्हणत होत्या. नऊ वर्षांची नात म्हणाली, "दादी, इट्स रमादान, नॉट रमजान. आणि तुमचा झ्वाद राँग आहे." सगळे हसले. दादीही हसल्या. त्यानंतर, घरचे सांगतात, त्या ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या. मला हे अजिबात पटलेले नाही. मुलीचा झ्वाद बरोबर होता, त्याबद्दल वाद नाही. पण 'रमजान' हा काही कुरआनातला उच्चार नव्हे; तो फारसीमार्गे आलेला, मराठीत रुळलेला शब्द आहे, आणि मराठी बोलताना तोच बरोबर आहे. शिवाय अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी पुण्य असल्याची हदीस हजरत आयेशा यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. ती त्या टेबलावर कुणीतरी सांगायला हवी होती.

आणि नातीचेही सगळे बरोबर नसते! इथल्या मुलांना 'थिंक' आणि 'दिस' या इंग्रजी शब्दांमुळे से आणि झाल फुकटात मिळतात, ओठ गोल करून म्हणायचा वावही. पण अरबी 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. इथली मुले ते 'ट'-'ड'च्या वळणाने म्हणतात. दादीचे मात्र जन्मापासून चोख आहेत. दोघींना समोरासमोर बसवले तर निम्मा कायदा घरातच पुरा होईल. स्कॉट बुलेव्हार्डवरच्या मशिदीत शेजारी अरब दिसला की आपण उगीच दबतो. कैरोच्या रोजच्या बोलण्यात मोठा काफ गळून नुसता 'अ' उरतो, 'ज'चा 'ग' होतो. कुरआनासाठी त्यांच्या मुलांनाही तजवीद शिकावीच लागते.

घरी सुरुवात करायची तर फातिहापासूनच करा, तीही चार अक्षरांपासून. बडी हे घशाच्या मध्यातून, नुसत्या श्वासाची; छोटी हे त्याच्याही खालून. ऐन बडी हेच्याच जागेवरून, पण आवाजासह. झ्वादला जिभेची कड वरच्या दाढांना लावा; डावी बाजू बहुतेकांना सोपी जाते. रोज दहा मिनिटे पुरे. कानाला नमुना हवा असेल तर इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी (१९१७-१९८०) यांचे पठण ऐका. संपूर्ण कुरआनाचे त्यांचे ध्वनिमुद्रण १९६१ साली प्रसिद्ध झाले. ते संथ आहे, एकेक अक्षर सुटे ऐकू येते. मुलांना ऐकवताना फोन दादीच्या खोलीत ठेवा.

पुढच्या अंकात मद, म्हणजे कुठला स्वर किती लांबवायचा, ते पाहू.