चौकट कोणाची, जोड कोणाची?

जयपूरमधील खातीपुरा या वस्तीचे नाव हिंदीत ‘खातीपुरा में’ असे लिहिले की काम भागते. मराठीत मात्र ‘खातीपुऱ्यात’ असेच लिहावे लागते. शब्दाचे सामान्यरूप होते, प्रत्यय त्याला जोडून येतो आणि ‘र’चे लेखनही पालटते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत अर्थभेद मानणाऱ्या भाषेला संगणकाच्या आज्ञावलीत स्थान कसे मिळावे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

त्यावर ‘प्लग-इन’ पद्धतीने एक मार्ग दाखविला आहे. लहानसा गाभा स्थिर ठेवावयाचा, त्यात जोडणीच्या जागा राखावयाच्या आणि उरलेली कामे स्वतंत्र घटकांवर सोपवावयाची, हे तिचे तत्त्व होय. आयबीएमने २००१ मध्ये सर्वांस खुली केलेली ‘इक्लिप्स’ ही चौकट याच तत्त्वावर उभी आहे. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स यांत शुद्धलेखन तपासणारी ‘हन्स्पेल’ ही आज्ञावली मूळ हंगेरियन भाषेसाठी रचली गेली. परंतु तिची शब्दसूची आणि प्रत्ययांचे नियम साध्या मजकुराच्या रूपात गाभ्याबाहेर असल्यामुळे मराठीलाही तिच्यात आपले नियम जोडता येतात.

येथवर सारे स्वागतार्हच आहे. तथापि जोड आपली असली, तरी जोडणीची जागा चौकटकारच ठरवितो, हे विसरून चालणार नाही. हन्स्पेल शब्दाच्या अंती प्रत्ययांचे दोनच थर उकलते. ‘घरासमोरच्यांना’ या शब्दात ‘समोर’, ‘चा’ आणि ‘ना’ असे तीन थर आहेत. अशा ठिकाणी अनेक प्रत्यय एकत्र बांधून नियमांची संख्या वाढवावी लागते; म्हणजे व्याकरणाला चौकटीच्या मापाने कापावे लागते. शिवाय चौकट बदलली की जोडही निकामी होऊ शकते. २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे पूरक घटक चालेनासे झाले, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

म्हणूनच भाषाभ्यासकांनी दोन गोष्टी कराव्यात. मराठीची शब्दसूची आणि रूपसिद्धीचे नियम कोणत्याही एका चौकटीच्या साच्यात न अडकविता स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावेत. त्यांतून त्या त्या चौकटीसाठी जोड तयार करणे सोपे जाईल. आणि जोडणीच्या जागा ठरत असतानाच आपल्या भाषेची गरज मांडावी. घर बांधून झाल्यावर दाराची उंची वाढविता येत नाही; आत जाणाऱ्यालाच वाकावे लागते.