मशीन येईल हो, पण चालवणार कोण?

हिवरा आश्रम (ता. मेहकर) : घरात कॅन्सरचा पेशंट असला की एक शब्द हमखास कानावर येतो, ‘पेट स्कॅन करून आणा’. मग गाडी ठरवायची, पैशाची जुळवाजुळव करायची अन् पहाटेच मोठ्या शहराचा रस्ता धरायचा. मेहकर तालुक्यातल्या किती घरांनी हा फेरा केला असेल, ते ज्याचं त्यालाच माहीत.

आता दोन गोष्टी घडल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १० नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात बुलढाणाही आहे. त्यानंतर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या ३ वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढण्याची घोषणा झाली. चांगलं झालं. केमोसाठी दर वेळी लांब जाणं त्यामुळे कमी होऊ शकतं. पण डे-केअर सेंटर म्हणजे पेट स्कॅन नव्हे. त्या तपासणीसाठी वेगळं मशीन लागतं, वेगळं औषध लागतं अन् वेगळा माणूस लागतो. त्या माणसाबद्दल कोणीच बोलत नाही.

हा माणूस करतो काय?

त्याला न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. एक्स-रेमध्ये किरण मशीनमधून येतात. इथं उलटं असतं. किरणं सोडणारं औषध अगदी थोड्या प्रमाणात पेशंटच्या शिरेत देतात आणि ते शरीरात कुठं साठलं, हे कॅमेरा टिपतो. औषध मोजून तयार ठेवणं, पेशंटला समजावणं, स्कॅन घेणं, उरलेल्या किरणोत्सारी कचऱ्याची नीट विल्हेवाट लावणं, ही सगळी या टेक्नॉलॉजिस्टची कामं. रिपोर्ट डॉक्टर देतात, पण स्कॅन बिघडला तर रिपोर्ट तरी काय सांगणार?

यातलं सगळ्यात अवघड गणित घड्याळाचं. पेट स्कॅनला लागणारं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं. तिथून निघालेली गाडी ३ तास ४० मिनिटांनी पोचली, तर हातात पाव हिस्साच उरतो. समृद्धी महामार्ग कितीही गुळगुळीत असला तरी हे गणित बदलत नाही.

आपल्यासारख्या जिल्ह्याला काय परवडेल?

म्हणून पहिल्याच फटक्यात पेट स्कॅनची मागणी करण्याऐवजी गॅमा कॅमेऱ्याची मागणी करणं शहाणपणाचं ठरेल. त्याला लागणारं टेक्निशियम रोज शहरातून आणावं लागत नाही. शिशाच्या आवरणातला ‘जनरेटर’ येतो. त्यातल्या मॉलिब्डेनमपासून टेक्निशियम तयार होत राहतं आणि टेक्नॉलॉजिस्ट रोज सकाळी ते काढून घेतो. या धंद्यातले लोक त्याला चक्क ‘दूध काढणं’ म्हणतात. ही गाय साधारण आठवडाभर दूध देते. हाडांत पसरलेला कॅन्सर, किडनीचं काम, हृदयाचा रक्तपुरवठा, थायरॉइड, एवढ्या तपासण्या त्यावर होतात.

पण नियम कडक आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, पात्र डॉक्टर, पात्र टेक्नॉलॉजिस्ट आणि किरणसुरक्षा अधिकारी असल्याशिवाय असं केंद्र चालवू देत नाही. म्हणजे कोट्यवधींचं मशीन आलं अन् माणूस नसला, तर ते प्लास्टिकच्या कव्हरखालीच राहणार.

पोरांनी यात जावं का?

बारावी सायन्स झालं, नीटमध्ये नंबर लागला नाही, की आपल्याकडे घरात सुतक पडल्यासारखं होतं. हिवरा आश्रमासारख्या शिक्षणाच्या गावातही हेच चित्र दिसतं. फिजिक्स, केमिस्ट्रीची आवड असलेल्या पोरापोरींसाठी ही वाट आहे. विषयातली बी.एस्सी., किंवा विज्ञानाच्या पदवीनंतर पदविका अथवा एम.एस्सी., असे मार्ग आहेत. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तिथं हे शिक्षण कित्येक वर्षांपासून दिलं जातं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायांच्या यादीतही घेतलं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘रेडिएशन डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ असा बोर्ड पाहून फी भरू नका. या कोर्सवर एईआरबी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करू देते का, एवढं आधी लेखी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर घरी परत या.

‘किरणांत काम केलं तर लेकराचं कसं होईल?’ हा आईचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. त्याला किती किरणं लागली ते ठरावीक मुदतीने मोजलं जातं. मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. शिसं, अंतर आणि कमी वेळ, या तीन गोष्टी पाळल्या तर काम मर्यादेच्या बरंच आत बसतं. धोका बेफिकिरीत आहे.

पेशंटने काय पाळायचं?

पेट स्कॅनला जाताना साधारण ६ तास उपाशी राहायला सांगतात. साधं पाणी चालतं. पण बसस्टँडवर ‘अर्धा कप काय होतो’ म्हणून घेतलेला गोड चहा अख्खी चक्कर वाया घालवू शकतो. कारण त्या औषधात साखरेसारखाच पदार्थ असतो. शुगर साधारण २०० च्या वर असली तर तपासणी पुढे ढकलतात. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं काय करायचं, ते केंद्राला आदल्या दिवशीच फोन करून विचारा. मनाने बंद करू नका. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर आधी सांगा. आणि दिलेली वेळ पाळा. उशीर झाला तर तुमच्यासाठीचं औषध तुमची वाट न पाहता संपत जातं.

विवेकानंद जन्मोत्सवात इथं लाखोंची पंगत बसते. ट्रॅक्टरवरून पुरी-भाजी वाढणारे हात नसतील तर ताटं रिकामीच राहतील. दवाखान्याचंही तसंच आहे. जिल्ह्यात मशीन मागताना लोकप्रतिनिधींना दुसरा प्रश्नही विचारा : टेक्नॉलॉजिस्टची पदं मंजूर केली का, आणि आमच्या पोरांना त्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणार का? इमारतीचं उद्घाटन एका दिवसात होतं. माणूस तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात. सुरुवात आत्ताच करायला पाहिजे.