पाण्याचा पंच कुठे गेला?

जामच्या चौकात नागपूरहून येणारा रस्ता फुटतो. एक फाटा हैदराबादकडे जातो, दुसरा चंद्रपूरकडे. तिथल्या चहाच्या टपरीवर हिवाळ्यात हरभऱ्याची गोष्ट निघाली की ती पाण्यावर येते, आणि पाण्याची गोष्ट भांडणावर. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात. नहरीवरच्या वरच्या माणसाने चारी फोडली, खालच्याची पाळी हुकली, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. चूक कुणाची, याबद्दल सहसा दुमत नसते. तंटा तोडायचा कुणी, याचा मात्र पत्ता नसतो.

खालच्या शेतकऱ्याची तक्रार कालवा निरीक्षकाकडे, तिथून शाखा अभियंत्याकडे, तिथून उपविभागात जाते. दरम्यान गहू ओंबीवर येऊन सुकू लागतो. पाण्याच्या तंट्याची मुदत पीक ठरवते, आणि ती आठदहा दिवसांची असते. महिन्याने मिळालेला न्याय कडब्याच्याच कामाचा.

असे सगळीकडे आणि सदासर्वदा नव्हते. खानदेशात पांझरेच्या काठी, बागलाणात मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यात फड पद्धत शेकडो वर्षे चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीनचार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. पुढच्या वर्षी फड बदलायचा. पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असे. ही वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. पाणी कमी पडले आणि एक फड कोरडा ठेवायचे ठरले, तर झळ सगळ्यांनाच बसे; शिवाय एकाच पिकात कुणी जास्त पाणी ओढले तर ते चटकन नजरेत भरे. पाणी पाटकरी देई, राखण जागल्या करी, दोघांना मेहनताना धान्यात मिळे. कुरबूर झालीच तर पंच बांधावर येऊन निकाल देत. निकाल देणाऱ्याचे पीकही त्याच पाण्यावर असे.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात हीच गोष्ट आजही चालू आहे. तुरिया नदीच्या आठ कालव्यांचे निवडून आलेले शेतकरी-न्यायाधीश दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी बसतात. वकील नाही, सगळे तोंडी, आणि निकाल तिथल्या तिथे. ज्या कालव्याचा तंटा, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. नदीशी नाते हवे, पण त्या चारीशी नको, इतका बारीक विचार आहे. 2009 साली युनेस्कोने या न्यायालयाला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. आपण आपल्या फडांना असा मान दिला नाही, हे सोडून द्या. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, बंधाऱ्यात येणारे पाणी कधी सोडायचे ते सरकार ठरवू लागले, आणि पंचांच्या हातात ठरवायला फारसे उरले नाही.

विदर्भाच्या पूर्वेला मालगुजारी तलाव होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलावाची गावकीही सैल झाली. जुन्याचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. फडाच्या पंचांत जमीनवालेच बसत. भूमिहीनाला तिथे आवाज नव्हता. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला, भूमिहीनालाही हक्क दिला आणि उसाला मज्जाव केला. पंचाची कल्पना नव्याने, अधिक न्यायाने मांडता येते, हे त्यांनी दाखवले.

मग 2005 साली राज्याने दोन कायदे केले. एकाने पाणीवापर संस्था आल्या. त्यांच्या संचालक मंडळावर नहरीच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातले शेतकरी असावेत, असे ठरले. सभासदांचे तंटेही संस्थेने सोडवायचे. दुसऱ्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, आणि तंट्यांसाठी पहिला निवाडा करणारा म्हणून सरकारनेच नेमलेला अधिकारी. 2011 च्या दुरुस्तीने शेती, उद्योग आणि पिण्याच्या पाण्यातली वाटणी मंत्रिमंडळाकडे गेली. चारीवरचे भांडण शेतकऱ्याने मिटवायचे. धरणातले पाणी कारखान्याला किती द्यायचे, ते मंत्रालयाने ठरवायचे. आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतही मंत्री अध्यक्षस्थानी असतात. ज्या पाण्याचे मोजमाप वर होते, त्याचा हिशेब खालचा पंच कसा मागणार?

नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर संस्थांनी अख्ख्या प्रकल्पाचे पाणी मोजून वाटायला घेतले, म्हणून तिथे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचले. जामच्या आसपास हे का होऊ नये? रब्बीच्या आवर्तनात आठवड्याचा एक वार ठरवावा, नहरीच्या तोंडाशी वरचा, मधला, खालचा असे तीन शेतकरी बसावेत आणि दुसऱ्या नहरीवरचा एक बोलवावा. शाखा अभियंत्याने तिथे यावे, पाणी किती सुटले त्याची वही उघडी ठेवावी आणि पंचांनी मागितला तो आकडा वाचून दाखवावा.